लाइट आली त्या दुपारी

लतीफभाईंचं मशीन लाइटच्या झटक्याने गेलं नव्हतं. ते मी घालवलं होतं. लातूरच्या त्या क्लासमध्ये, ऐन परीक्षांच्या उन्हाळ्यात, मी जोडलेल्या वायरीतून आणि मी लिहिलेल्या आज्ञांनी ते कोरं झालं, आणि मी नाव लाइटचं सांगितलं. एवढी दोन-चार वाक्यं लिहायला इतकी वर्षं का लागावीत, हे मला सांगता येत नाही. लिहिता लिहिता कळेल असं वाटतंय. नाहीही कळणार.

चैत्र लागला की नांदेडला आमच्या कॉलेजच्या आवारातले कडुनिंब फुलतात. त्या फुलांचा वास गोड की कडू, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही. तो खिडकीतून प्रयोगशाळेत शिरतो, मशिनांच्या तापलेल्या धुळीच्या वासात मिसळतो, आणि हातातलं काम कुठवर आलं होतं ते मी विसरतो. परीक्षा संपल्या की आम्ही खोलीतली सगळी मशिनं पुसून त्यांच्यावर लिनक्स नव्याने घालतो. हल्ली हे काम हर्षद नावाचा माझा तरुण सहकारी करतो. पण त्याने सुरुवात करण्याआधी मी प्रत्येक टेबलाखाली वाकून वायरी तपासतो. गुडघे कुरकुरतात, तरी तपासतो.

"सर, काय हरवलं?" हर्षद या वर्षीही म्हणाला.

"काही नाही. कुणाचं जास्तीचं मशीन लागलेलं नाही ना, बघतो."

"जास्तीचं कुठून येतंय? खोली आपलीच हाय की."

खोली तेव्हाही आपलीच होती.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लिनक्स ही संगणक चालवणारी व्यवस्था, विंडोजसारखीच, पण फुकट आणि सगळ्यांना मोकळी. एकाच मशीनवर घालायची तर सीडी लावून समोर बसता येतं. मशीन मधूनमधून विचारतं: भाषा कुठली, घड्याळ कुठलं, डिस्क पुसू का? खोलीभर मशिनं असली की मात्र ती सगळी एका वायरीच्या जाळ्यात जोडतात आणि एका मशीनला वाढप्याचं काम देतात. बाकीची मशिनं पंगतीला बसल्यासारखी. चालू झाली की ती वायरीतून हाक मारतात, आणि वाढपी सगळ्यांच्या पानात लिनक्स वाढत जातो. कोण बसलंय हे तो पाहत नाही. पान मांडलंय ना, मग वाढायचं. आणि प्रत्येकाशी बोलत बसायला नको म्हणून सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवता येतात. मी ठेवली होती. 'डिस्क पुसू का?' याचं उत्तर मी 'हो' लिहिलं होतं. एकदाच लिहिलं, सगळ्यांसाठी.

लातूरचे ते दिवस आठवतात ते आवाजांनी. दुकानांपुढचे जनरेटर, रसवंतीचे घुंगरू, पाण्याच्या टँकरचा मागे येतानाचा भोंगा, आणि या सगळ्याच्या वर क्लासच्या गच्चीवरच्या फ्लेक्सची फडफड. फ्लेक्सवर गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे चेहरे. ऊन लागून लागून त्यांचे गाल निळसर पडलेले. खालच्या रस्त्यावरून तोंडाला ओढणी बांधलेल्या मुली आणि पाठीला दप्तर चिकटलेली मुलं सतत चाललेली. किनवट, हदगाव, देगलूर, उदगीर, कुठून कुठून पोरं यायची. भाड्याच्या खोल्यांत राहायची, मेसची पातळ डाळ प्यायची, आणि सगळ्यांच्या बोलण्यात एकच शब्द असायचा: परीक्षा झाल्यावर. ताप आला तर डॉक्टर परीक्षा झाल्यावर. बहिणीचं लग्न परीक्षा झाल्यावर. आजोबा वारल्याचंही परीक्षा झाल्यावरच सांगायचं. सगळं गाव जणू श्वास धरून बसलेलं. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटायचं. मी स्वतः हदगावचा, क्लासमध्ये संगणकांचं काम बघणारा. मी बारावीत असताना लातूरकडे भूकंप झाला, त्या पहाटे खाट हलली, तेव्हा खाली कुत्रं अंग खाजवतंय असं समजून मी कूस बदलून झोपलो होतो. आई कधीमधी हे हसून सांगायची. मला त्यात हसण्यासारखं काय होतं, ते कळायचं नाही.

क्लासच्या सरांना पोरांची सराव परीक्षा संगणकावर घ्यायची होती. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली खोली होती, जुन्या बाजारातून एकगठ्ठा आणलेली मशिनं होती, आणि त्यांच्यातलं विंडोज व्हायरसने पोखरलेलं होतं. सीडी लावायची सोय बहुतेकांत नव्हतीच. मी म्हणालो, लिनक्स घालू, वायरीतून. सर म्हणाले, "घाला, पण परीक्षेच्या आत घाला." त्यांना बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात लतीफभाईंचं टेबल होतं. ते औशाचे. तिथे त्यांच्या वडिलांपासूनचा फोटो स्टुडिओ. क्लासने त्यांना पोरांच्या ओळखपत्रांच्या आणि फ्लेक्सच्या फोटोंसाठी धरलं होतं. रोज सकाळच्या बसने यायचे, आल्या आल्या मला म्हणायचे, "क्या मियाँ, वायरी खाऊन पोट भरलं का?" आणि डब्यातली अर्धी पोळी पुढे करायचे. त्यांचं मशीन मीच जोडून दिलेलं, त्याच गठ्ठ्यातलं. मी सगळ्या मशिनांना एक सवय लावली होती: चालू झालं की आधी वायरीवर हाक मारायची. दुसरी सवय: लाइट गेली आणि परत आली की आपलं आपण चालू व्हायचं. एकेकाचं बटण दाबत फिरायचा मला कंटाळा होता. हात बसलेला असतो तसं मी लतीफभाईंच्या मशीनलाही त्याच दोन सवयी लावल्या. मग त्यांना क्लासच्या प्रिंटरवर फोटो पाठवता यावेत म्हणून एक वायर ओढून त्यांच्या टेबलापर्यंत नेली. यातलं काहीही मी वाईट हेतूने केलं नव्हतं. हेच मला अजून उलगडत नाही, की प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी सोयीची होती.

त्या मशीनमध्ये फक्त पोरांचे फोटो नव्हते. भूकंपाआधी कितीतरी वर्षं लतीफभाई औशाच्या आजूबाजूच्या गावांत लग्नांचे फोटो काढत. भूकंपानंतर माणसं घरात झोपायला धजत नव्हती. खाटा, पेट्या, पाळणे, सगळं उघड्यावर. लतीफभाईंनीही स्टुडिओतली फिल्मांची पेटी बाहेर काढली, आणि वरून पाऊस लागला. फिल्मा एकमेकींना चिकटल्या. मग एकेक जण यायला लागला: लतीफभाई, आमच्या म्हाताऱ्याचा एखादा असेल का? आमच्या पोराचा? ते फिल्मा पाण्यात भिजवायचे, नखाने सोडवायचे. सुटलेली फिल्म सुकताना आक्रसून तडकायची, पुन्हा कामाची राहायची नाही. त्याआधी जेवढं दिसेल तेवढं टिपून घ्यायचं. मशीन आल्यापासून ते ओल्या फिल्मा स्कॅन करून त्यात ठेवू लागले. एक खाना नुसत्या चेहऱ्यांचा. त्याची सीडी करून देतो असं मी त्यांना म्हणालो होतो. कधी? परीक्षेचा सीझन संपल्यावर.

सविता किनवटहून आलेली. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढली, चुलत आजोबा तिकडे रेल्वेत होते म्हणून. ओळखपत्राच्या फोटोला बसली तेव्हा लतीफभाईंनी सवयीने विचारलं, "मूळ गाव कोणतं, बाळा?" तिने सांगितलं. त्यांचा हात कॅमेऱ्यावरच थांबला. ते गाव आता नव्हतं. होतं ते दुसरीकडे वसवलेलं. आईवडील दोघंही त्या पहाटे गेले होते, आणि पाळण्यातली ती तेवढी निघाली होती. आईचा फोटो तिने कधी पाहिलाच नव्हता. चुलत आजोबांनी सुनेला लग्नात एकदाच पाहिलेलं, तेही लांबून.

"बापाचं नाव सांग," लतीफभाई म्हणाले. "लग्न मी काढलेलं असंल तर पाकिटावर गाव आणि नवरदेवाचं नाव असतंय."

लग्न त्यांनीच काढलं होतं. त्या पाकिटातल्या जवळजवळ सगळ्या फिल्मांचा लगदा झालेला. एकच सुटली. त्यांनी मला ओढून पडद्यापुढे नेलं.

"बघ, बघ. ही नवरी. ह्या पोरीची माय."

मी पाहिलं. माझ्या हातात तेव्हा वायरीचं टोक होतं. आठ रंगीत तारा क्रमाने लावून दाबत होतो आणि क्रम विसरेन या भीतीने मनात घोकत होतो.

"छान," मी म्हणालो.

"पोरीला सापडला म्हणून सांगितलंय. पण दाखवणार न्हाई आत्ता. अभ्यासातून चित्त उडंल. सीईटी होऊ दे, मंग मोठा करून हातात देतो. बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. तिला विचारावं असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. लातुरात तसं कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

त्या दुपारी सगळं तयार होतं. वाढपी मशीन मी इन्व्हर्टरवर ठेवलं होतं, लाइट गेली तरी चालावं म्हणून. एका मशीनवर करून पाहिलं, झालं. आता बाकीच्यांना उठवायचं, आणि त्याआधी लतीफभाईंची वायर काढायची, हे मला आठवत होतं. खरंच आठवत होतं. तेवढ्यात लाइट गेली. पत्र्याखाली क्षणात भट्टी झाली. लतीफभाई आधीच नमाजला गेले होते, ते तिथून बाजार करून उशिरानेच येणार होते. मी म्हटलं, भारनियमन आहे, आता काही तासभर येत नाही. खाली उतरलो आणि रसवंतीवर जाऊन बसलो. उसाचा रस, बर्फ, आल्याचा झटका. लाइट वेळेच्या आधी आली. रसवंतीवाला म्हणाला, "आज काय लागलंय त्यांना?" आम्ही हसलो. मी उरलेला रस सावकाश प्यायलो.

वर आलो तर खोलीतला प्रत्येक पडदा जिवंत. काळ्या पडद्यांवर पांढऱ्या ओळी एकसारख्या वर सरकत होत्या. मी बटण न दाबता सगळी पंगत जेवत होती. खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. दारात उभा राहून मी ते पाहत होतो, आणि कोपऱ्यातल्या पडद्यावरही त्याच ओळी सरकत होत्या, तर त्याही पाहत राहिलो. ते कुणाचं टेबल आहे हे माझ्या डोळ्यांना कळत होतं आणि मला कळत नव्हतं. असं होतं का माणसाचं? मी अनेकदा स्वतःला विचारलंय. मग धावलो आणि वायर उपटली.

तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. हे पुढे बऱ्याच वर्षांनी, असंच काहीतरी वाचताना मला कळलं. नवी व्यवस्था डिस्कच्या थोड्याच भागावर बसते. वरची पाटी पुसली जाते, पण आतले फोटो बरेचसे जागच्या जागी असतात. मशीन बंद करून कुणा जाणत्याकडे नेलं असतं तर खूप काही परत मिळालं असतं. पण लतीफभाई संध्याकाळच्या आत येणार होते आणि त्यांच्या पडद्यावर लिनक्स दिसता कामा नये, एवढंच मला सुचत होतं. मी त्यावर विंडोज घातलं. ते नीट बसेना म्हणून सगळी डिस्क पुन्हा साफ केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा घातलं. चूक वाढप्याने केली होती. हे मी केलं.

"काय करून राहिलास माझ्या मशीनला?" दारातून लतीफभाईंचा आवाज आला.

"लाइटनं झटका दिला, लतीफभाई. डिस्कमधलं गेलं."

"गेलं म्हणजे?"

"सगळं."

ते खुर्चीवर बसले. त्यांनी पडद्यावरचं नवं, कोरं विंडोज पाहिलं. त्यांचा स्कॅनर अजून चालू होता, त्याचा हिरवा दिवा लागलेला. मग ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू कशाला तोंड पाडून बसलास? तुझा काय कसूर? ही लाइटच हरामखोर." डब्यातली अर्धी पोळी त्यांनी त्याही दिवशी पुढे केली. मी खाल्ली. ती कशी खाल्ली हे मला आजही समजत नाही.

फोटो लाइटने गेल्याचं सविताला त्यांनी परीक्षेनंतर सांगितलं. मी जिन्यात होतो. ती "बरं" म्हणाली आणि ओढणी तोंडाला बांधून उन्हात गेली. महिन्याभरात मी नोकरी बदलून नांदेडला आलो. पळालो असं म्हणत नाही. चांगली संधी होती. पण पळालोच.

नांदेडला काही वर्षांनी एका रस्त्यावर तिची पाटी दिसली. दातांची डॉक्टर झाली होती. येता-जाता मी ती पाटी वाचायचो. माझी दाढ ठणकायला लागली तेव्हा मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेलो, दोनदा रिक्षा बदलून. बायको म्हणाली, "जवळ चांगली डॉक्टरीण असताना तिकडं काय ठेवलंय?" मी म्हणालो, "तिकडचा हात हलका आहे." तेही लतीफभाईंना सांगितलेल्या लाइटच्या झटक्यासारखंच खोटं.

या चैत्रात हर्षदने विचारलं, 'जास्तीचं कुठून येतंय?' आणि त्याच आठवड्यात मी औशाची बस धरली. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकतात. लतीफभाईंचा मुलगा ते बघतो. म्हातारे झालेले लतीफभाई आत पंख्याखाली होते. मी सांगितलं. त्यांना आधी काही समजेना.

"वायरीतून कसं पुसलं जाईल रे? वायरीतून तर येतं काहीतरी."

मी पंगतीचं सांगितलं. वाढप्याचं, पानाचं.

"म्हणजे माझ्या पानातलं फेकून तू तुझं वाढलंस."

"हाव."

"आन् मी इतकी वर्षं लाइटवाल्यांना फुकट शिव्या देऊन राहिलो!" ते मोठ्याने हसले. मग हसू थांबलं. "त्याच वख्ताला सगळं गेलं होतं?"

हा प्रश्न ते विचारणार नाहीत अशा आशेवर मी एवढा प्रवास केला होता.

"नाही. त्या वेळी थोडंच गेलं होतं. बाकीचं मी नंतर घालवलं. तुम्हाला कळू नये म्हणून."

पंखा फिरत राहिला. चहा आला, त्यांनी त्यांचा कप उचलला नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हात वर करून म्हणाले, "मला नको. त्या चेहऱ्यांत माझ्या घरचं कुणी न्हवतं. जिची माय होती तिला जाऊन सांग." पूर्वी ते मला बसपर्यंत सोडायला यायचे. त्या दिवशी उठले नाहीत. बरंच झालं. मी ओळखीचा हात खांद्यावर घेऊन परत आलो असतो, तर पुन्हा कुठेही गेलो नसतो.

सविताच्या दवाखान्यात दुपारी कुणी नव्हतं. कूलरचं पाणी टिपटिपत होतं. तिने मला लगेच ओळखलं.

"सर! कोणती दाढ?"

"दाढ नाही," मी म्हणालो, आणि रुग्णाच्या त्या लांबट खुर्चीच्या कडेवर बसूनच सगळं सांगितलं. लाइट, रस, वायर, विंडोज. लवकर उरकावं म्हणून मी भराभर बोलत होतो, आणि तांत्रिक शब्द आले की मला बरं वाटत होतं. हे लक्षात आलं तेव्हा ते शब्द टाकून दिले. राहिलं ते एवढंच: फोटो होता, मी पुसला, आणि खोटं बोललो.

ती रागावेल, रडेल, निघून जा म्हणेल, यातल्या सगळ्याची मी तयारी केली होती. तिने हातमोजे काढून बाजूला ठेवले.

"म्हणजे फोटो खरंच होता," ती म्हणाली. "मला वाटायचं, लतीफचाचांनी मला बरं वाटावं म्हणून सापडला सांगितलं, आणि मग लाइटचं निमित्त केलं. आजवर मी तसंच धरून चालले होते."

हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. माझ्या खोट्यामुळे तिला लतीफभाईंचं खरंही खोटं वाटत आलं होतं.

"तुम्ही पाहिला होता?" तिने विचारलं.

"हो."

"कशी होती? चाचांना विचारलं तर म्हणायचे, चांगली होती बाळा. ते सगळ्यांनाच चांगलं म्हणतात. फ्लेक्सवरच्या माकडतोंड्या पोरांनाही." ती जरा हसली, आणि माझ्याकडे बघत थांबली.

मी आठवायला लागलो. एक पडदा, त्याच्यावर पाण्याचे डाग, डागांमध्ये कुणीतरी मुंडावळ्या बांधलेलं. चेहरा? रुंद होता की निमुळता? ती हसत होती की कॅमेऱ्याला बुजली होती? कपाळ समोर बसलेल्या मुलीसारखं होतं असं वाटलं, पण ते समोर बसलेल्या मुलीकडे बघूनच वाटत होतं. आठवत होता तो तारांचा क्रम, रंगासह, अगदी लख्ख. एक चेहरा रचून देणं किती सोपं होतं. तुझ्यासारखेच डोळे, म्हटलं असतं. गालावर खळी, म्हटलं असतं. तिने तो जन्मभर सांभाळला असता, आणि मीही थोडा सुटलो असतो. जीभ तिथपर्यंत आलीही.

"सविता," मी म्हणालो, "फोटो माझ्यासमोर होता, पण मी तुझ्या आईकडं पाहिलंच नाही. माझं लक्ष वायरीत होतं. कशी होती ते मला माहीत नाही. पुसला त्याची माफी मागायला आलो होतो. पण पाहिलं नाही, त्याची आधी मागतो. मला माफ कर."